बंद पडलेले स्टेशन आणि बंद न पडलेली जात



मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी अडीच फुटी रुळांची 'शकुंतला' तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. वऱ्हाडचा कापूस वाहण्यासाठी विलायती कंपनीने हा सुमारे ११३ किलोमीटरचा मार्ग घातला. १९९४ साली वाफेचे इंजिन गेले, डिझेल आले. पुढे गाडीही थांबली. आज वाटेवरच्या खेड्यांतील स्टेशने ओस आहेत. रुळांत गवत माजले आहे.

हे कोणाच्या शापाने झाले काय? नाही. कापूस ट्रकने जाऊ लागला, उतारू एस.टी.कडे वळले, रूळ जुने झाले. ज्या कारणांवर स्टेशन उभे होते ती कारणे सरली, म्हणून स्टेशन सरले. तथागतांचा प्रतीत्यसमुत्पाद याहून वेगळे काय सांगतो?

आता दुसरे स्टेशन पाहा. सातारा जिल्ह्यातील मसूर. १९०१ च्या सुमारास बाल भीमराव थोरल्या भावाबरोबर वडिलांना भेटण्यासाठी तेथे उतरले. अंगावर चांगले कपडे, खिशात तिकीट. स्टेशनमास्तर आपुलकीने विचारपूस करू लागला. मुलांनी जात सांगितली मात्र, त्याचा चेहरा पालटला. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे कबूल करून मुलांनीच बैल हाकले आणि गाडीवान बाजूने चालत राहिला. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

आगगाडीने जात मोडेल, अशी पुष्कळांची आशा होती. रेल्वेतून येणाऱ्या कारखानदारीने जातीचा पाया ढासळेल, असे कार्ल मार्क्सने १८५३ सालीच लिहिले होते. रेल्वेने अंतर तोडले हे खरे. एका बाकावर माणसे बसविली हेही खरे. परंतु फलाटावर उतरताच जात तेथे उभी होती! कारण जातीचे मूळ रुळांत नव्हते, मनात होते. १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी हेच बजावले.

म्हणून प्रश्न असा की, काळ बदलला म्हणजे जात आपोआप बंद पडेल, असे समजून स्वस्थ बसणे नीतीला धरून आहे काय? कारणाला खतपाणी घालायचे आणि कार्य मरण्याची वाट पाहायची, ही स्वतःचीच फसवणूक होय.

तुम्ही बावीस प्रतिज्ञा घेतल्या. फार मोठे पाऊल टाकले. पण मुलीचे स्थळ पाहताना पोटजात विचारता काय? आपल्याहून खालचा मानलेला शेजारी पाणी मागायला आला, तर त्याच्यासाठी वेगळा पेला शोधता काय? असे असेल तर मसूरचा तो स्टेशनमास्तर आपल्याच घरात बसला आहे. त्याला बाहेर काढणे कोणा सरकारच्या हाती नाही. ते तुमच्या-माझ्या हाती आहे.

येत्या पौर्णिमेला बुद्धवंदना झाल्यावर घरातील सर्वांनी एकत्र बसावे, मुलांना मसूरची गोष्ट सांगावी आणि एकमेकांना हा प्रश्न विचारावा. उत्तर देताना मात्र खोटे बोलू नये. पंचशील आपण रोज म्हणतो.

जय भीम!