नियम कुणी केले?

स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा आणि न्यूशातेल इथल्या पोरांकडे गोट्या घेऊन जायचं, आपल्याला खेळ येतच नाही असं सोंग करायचं आणि ‘मला शिकव’ म्हणायचं, ही मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांची पद्धत. मग हळूच विचारायचं, हे नियम कुणी केले? बदलले तर चालतील का? १९३२ साली या चौकशीचं पुस्तक झालं.

त्यातली गंमत अशी की पाच-सहा वर्षांची मुलं नियम अगदी पवित्र मानत. ते थोरांनी, वडिलांनी, नाहीतर थेट देवानेच घालून दिलेले. बदलायची सोय नाही. खेळताना मात्र जो तो आपापलं खेळे आणि एकाच डावात सगळेच जिंकत! दहा-अकरा वर्षांची मुलं म्हणत, सगळ्यांना मान्य असेल तर बदलू की. आणि नियम काटेकोर पाळत ती हीच मुलं. नियम माणसांनीच केलेत हे मुलांना कळलं की ती ते जुमानणार नाहीत, अशी धास्ती आपल्याला असते. इथे नेमकं उलटं दिसतं.

पियाजेंच्या मते हा फरक बरोबरीच्यांमुळे पडतो. मोठ्यांचा हुकूम ऐकायचा किंवा चोरून मोडायचा, एवढंच मुलाच्या हातात असतं. सवंगड्याला मात्र पटवावं लागतं, नाहीतर तो बॅट घेऊन घरी जातो. गल्लीतल्या क्रिकेटची घटना अशीच भांडून तयार झालेली असते: एक टप्पा आउट, काकूंच्या गॅलरीत गेला तर आउट आणि बॉल मारणाऱ्यानेच आणायचा. त्यातलं सर्वांत शहाणं कलम म्हणजे कच्चं लिंबू. कुणाचा तरी चार वर्षांचा भाऊ बॅटिंग करतो, दांडी उडते, तरी खेळत राहतो. आणि एरवी एका रनासाठी गळा काढणारी पोरं त्याला अन्याय म्हणत नाहीत. सर्वांना सारखं आणि ज्याला त्याला झेपेल तसं, यातला फरक त्यांना कुणी शिकवलेला नसतो. पुढे तोच भाऊ कच्चं लिंबू म्हटल्यावर चिडतो. त्याला आता आउट व्हायचा हक्क हवा असतो.

पियाजेंचं सगळंच टिकलं नाही. त्यांचाच धागा पकडून लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९५८ च्या प्रबंधापासून पुढे नैतिक विचाराची सहा पायऱ्यांची शिडी रचली, पण मूळ अभ्यासात सगळे मुलगेच. त्यावर कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये बोट ठेवलं. इलियट ट्युरिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की चिमुरडीही इतकी भाबडी नसतात. बाईंनी परवानगी दिली तर शाळेतला एखादा रिवाज मोडलेला त्यांना चालतो. मारलेलं मात्र चालत नाही, कारण समोरच्याला लागतं.

आपण मात्र टिळकांच्या शेंगांच्या टरफलांची गोष्ट मुलांना कौतुकाने सांगतो, आणि ‘मी केलंच नाही तर शिक्षा का?’ असं घरात कुणी विचारलं की म्हणतो, उलट बोलू नकोस.

आता तर गल्लीतला खेळही कोचिंगला गेला. तिथे खेळ नक्कीच सुधारतो. पण वाद झाला की सगळ्यांच्या माना सरांकडे वळतात, सर बोट वर करतात आणि विषय संपतो. चार वर्षांच्या भावाचंही कुणाला काही ठरवावं लागत नाही. त्याची बॅच वेगळी असते.