पदवीधर कलावंताचें ऋण

शिक्षणाचा उपयोग काय, हा प्रश्न आपल्या समाजांत सहसा कोणी विचारीत नाहीं; कारण त्याचें उत्तर प्रत्येकानें मनांतल्या मनांत ठरवून टाकलेलें असतें. मुलगा डॉक्टर झाला म्हणजे त्यानें रोगी तपासावे, इंजिनियर झाला म्हणजे पूल बांधावे, आणि नुसता बी. ए. झाला तर निदान एखाद्या बँकेंत चिकटावें, येथपर्यंत हा हिशेब सरळ चालतो. तो बिघडतो केव्हां, तर पदवी हातीं आलेला मुलगा किंवा मुलगी 'मला नाटकांत जावयाचें आहे', 'मला चित्रपट करावयाचे आहेत' किंवा 'मी वर्तमानपत्रांत जाणार' असें म्हणूं लागते तेव्हां. मग घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, शिक्षण फुकट गेलें. दुसरा म्हणतो, ज्याला ज्याची गोडी त्यानें तें करावें. मी पंचवीसांहून अधिक वर्षें महाविद्यालयांत शिकवीत आहें, आणि निकालाच्या सुमारास हे दोन्ही पक्ष माझ्याकडे न्याय मागावयास येतात. त्यांचें म्हणणें ऐकतां ऐकतां माझें असें मत होत गेलें आहे कीं, ज्या प्रश्नावर हा वाद चालतो तो प्रश्नच मुळीं चुकीच्या जागीं उभा आहे.

प्रथम पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे. कारण तो दिसतो तितका क्षुद्र नाहीं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील एका जागेमागें विद्यार्थ्याच्या फीपेक्षां किती तरी अधिक खर्च जनतेच्या पैशांतून होत असतो. जागा मोजक्या असतात. जो आंत गेला त्याच्यामुळें दुसरा कोणी तरी बाहेर राहिलेला असतो. अशा रीतीनें शिकून तयार झालेल्या डॉक्टरानें शस्त्र खालीं ठेवावें आणि तोंडाला रंग लावावा, हा ज्यांनीं खर्च सोसला त्यांच्यावर अन्याय नव्हे काय?

उदाहरण म्हणून पुण्याचें बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयच घेऊं. डॉ. श्रीराम लागू तेथें शिकले. कान, नाक व घसा यांचे शस्त्रवैद्य म्हणून त्यांनीं पुण्यांत आणि पुढें आफ्रिकेंत टांझानियांतील टबोरा येथें व्यवसाय केला. आणि १९६९ सालीं, वयाची चाळिशी उलटल्यावर, तो सोडून ते पूर्ण वेळ नट झाले. पुढच्याच वर्षीं 'नटसम्राट' रंगभूमीवर आलें. डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. त्यांनीं दौंडला दवाखानाहि चालविला, आणि 'सामना', 'सिंहासन', 'उंबरठा' हे चित्रपटहि केले. डॉ. मोहन आगाशे मानसोपचारशास्त्राचे प्राध्यापक राहिले आणि 'घाशीराम कोतवाल' नाटकांत नाना फडणविसांची भूमिकाहि करीत राहिले. सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे पदवीधर. त्याच महाविद्यालयांत त्यांनीं अनेक वर्षें नोकरी केली, आणि १९७४ सालीं रंगमंचावर आलेलें 'महानिर्वाण' लिहिलें. एका वैद्यकीय महाविद्यालयानें मराठी रंगभूमीला एवढीं माणसें द्यावीं, हें त्या संस्थेचें यश म्हणावें कीं गळती?

पूर्वपक्षाचा प्रामाणिकपणा पारखून पाहण्याची एक सोपी कसोटी आहे. ह्याच सरकारी खर्चानें शिकलेला दुसरा एखादा डॉक्टर परदेशीं निघून गेला, तर आपण पेढे वाटतों. तिसरा शहरांतल्या श्रीमंत वस्तींत दवाखाना थाटून तालुक्याच्या गांवाकडे आयुष्यांत एकदांहि फिरकला नाहीं, तरी त्याच्या वडिलांना कोणी जाब विचारीत नाहीं. जनतेच्या पैशाची आठवण आपणांस फक्त चौथा डॉक्टर नट झाला तेव्हांच होते. याचा अर्थ उघड आहे. आपल्याला डांचतो तो पैशाचा अपव्यय नव्हे. प्रतिष्ठेची उतरती पायरी आपल्याला डांचते. पैशाचा मुद्दा खरा आहे, परंतु तो आपण खरेपणानें वापरीत नाहीं.

उत्तरपक्षाची स्थिति याहून फारशी बरी नाहीं. 'आवड आहे म्हणून' हें कारण ऐकावयास गोड, पण नीतिदृष्ट्या अगदींच दुबळें आहे. आवड एखाद्या कर्माचें मूळ असूं शकते; तें त्याचें समर्थन होऊं शकत नाहीं. जुगाऱ्यालाहि जुगाराची आवडच असते. स्वधर्म या शब्दाचा आश्रय घेऊन कोणी म्हणतात कीं, ज्याचा जो पिंड तोच त्याचा धर्म. पण स्वधर्मांत 'स्व' जितका आहे तितकाच 'धर्म'हि आहे. आणि धर्म म्हटला कीं दुसऱ्याचें कांहीं तरी देणें त्यांत आलेंच. तेव्हां पदवीधरानें कलेच्या क्षेत्रांत जावें कीं न जावें, या प्रश्नापाशीं अडून राहण्यांत अर्थ नाहीं. त्यानें खुशाल जावें. परंतु तेथें गेल्यावर त्याच्या पदवीचें त्याच्यावर कांहीं ऋण उरतें काय, आणि उरत असल्यास तें कोणत्या नाण्यांत फेडावयाचें, हा खरा प्रश्न आहे.

हें ठरविण्यापूर्वीं पदवीनें कलावंताला मिळतें तरी काय, हें पाहिलें पाहिजे. प्रतिभा मिळत नाहीं, हें निश्चित. बालगंधर्वांना पदवी नव्हती, व्ही. शांताराम यांना नव्हती. डॉक्टर मंडळींनीं गाजविलेलें 'घाशीराम कोतवाल' ज्यांनीं लिहिलें त्या विजय तेंडुलकरांनीं शाळासुद्धां पुरी केलेली नव्हती. तेव्हां पदवीमुळें माणूस अधिक चांगला नट किंवा लेखक होतो, असा भ्रम कोणीं बाळगूं नये. पदवीनें मिळते ती निराळीच वस्तु. उद्यां रंगभूमीनें पाठ फिरविली तरी दुसरें एखादें दार उघडेल, हा भरंवसा पदवीनें मिळतो. आणि ज्याला हा भरंवसा आहे त्याला 'नाहीं' म्हणतां येतें. नकार देण्याचें सामर्थ्य, हीच पदवीधराची कलाक्षेत्रांतील खरी शिदोरी होय.

आपल्याकडील वृत्तपत्रांचा आणि नाटकांचा इतिहास या दृष्टीनें पाहिला तर ही गोष्ट स्पष्ट होईल. १८८१ सालीं 'केसरी' निघाला तेव्हां टिळक आणि आगरकर हे दोघेहि डेक्कन कॉलेजांतून शिकून बाहेर पडलेले तरुण होते. सरकारी नोकरी आणि तिच्याबरोबर येणारें सुख त्यांना सहज साध्य होतें. एम्. ए. च्या सुमारास आगरकरांनीं आपल्या आईला लिहिलेलें पत्र महाराष्ट्राला ठाऊक आहे. मोठ्या पगाराची आशा धरूं नकोस, असें त्या गरीब माउलीला कळवितांना त्यांना काय वाटलें असेल याची कल्पनाच केलेली बरी. पुढच्याच वर्षीं, १८८२ मध्यें, कोल्हापूर प्रकरणीं दोघांना डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले. आणि आगरकरांचा नकार तेथें संपला नाहीं. सहकाऱ्यांशीं मतभेद झाले तेव्हां १८८७ सालीं त्यांनीं 'केसरी'हि सोडला आणि १८८८ सालीं 'सुधारक' काढला. सरकारला नाहीं म्हणणें एक वेळ सोपें. आपल्याच वाचकांना नाहीं म्हणणें फार कठीण. बी. ए. झालेल्या खाडिलकरांनीं १९०७ सालीं 'कीचकवध' रंगभूमीवर आणलें, तें १९१० सालीं सरकारनें बंद केलें. 'घाशीराम'चें प्रकरण अलीकडचें. १९७२ च्या डिसेंबरांत नाटक आलें, वाद उठला, आणि संस्थेनें थोड्याच प्रयोगांनंतर तें थांबविलें. तेव्हां त्या तरुण मंडळींनीं १९७३ सालीं 'थिएटर अ‍ॅकॅडमी' ही नवी संस्था काढून नाटक चालू ठेविलें, आणि १९८० सालीं तें युरोपांत नेलें. त्यांना हें करतां आलें याचें श्रेय त्यांच्या धैर्याला आहेच. परंतु त्यांतील बहुतेकांची चूल त्या नाटकाच्या तिकिटांवर पेटत नव्हती, हेंहि विसरतां कामा नये.

आतां चित्राची दुसरी बाजू. विठाबाई नारायणगांवकर यांचा जन्म १९३५ चा. तमाशांत जन्मल्या, तमाशांत वाढल्या. १९५७ सालीं आणि पुन्हां १९९० सालीं त्यांचा राष्ट्रपतींच्या हस्तें गौरव झाला. तरीहि अखेरचे दिवस आर्थिक विवंचनेंत काढून २००२ सालीं त्या निवर्तल्या. खेळ चालूं असतां त्या आंत जाऊन प्रसूत झाल्या आणि पुन्हां बोर्डावर येऊन उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. ती सांगतांना आपण त्यांच्या कलानिष्ठेचें कौतुक करतों. पण त्या रात्रीं 'मी नाचणार नाहीं' असें म्हणण्याची सोय त्या बाईला होती काय, हें आपण विचारीत नाहीं. डॉक्टरानें दवाखाना सोडून रंगमंच धरला, तर आपण त्याला त्याग म्हणतों. तमासगिराच्या मुलीला रंगमंच सोडून दुसरें कांहींच धरतां आलें नाहीं, तर आपण त्याला नशीब म्हणतों. दोघांची कला कदाचित् सारख्याच मोलाची असेल. दोघांच्या नकाराची किंमत मात्र सारखी नाहीं. पहिल्याचा नकार त्याला महागांत पडला तरी परवडणारा होता; दुसरीचा तोंडांतून निघणेंच शक्य नव्हतें.

येथें मला माझ्या प्रश्नाचें उत्तर सांपडतें. नकाराचें हें सामर्थ्य पदवीधरानें एकट्यानें कमावलेलें नसतें. त्यांत बापाची बचत असते, आईनें मोडलेला दागिना असतो, आणि ज्यांच्या मुलांनीं महाविद्यालयाची पायरी कधीं पाहिली नाहीं अशा लोकांनीं भरलेला करहि असतो. जें दुसऱ्यांच्या पैशानें मिळालें तें केवळ स्वतःच्या सुखासाठीं वापरणें हा अपहारच होय. म्हणून ज्याला नाहीं म्हणतां येतें त्यानें, ज्यांना तें म्हणतां येत नाहीं त्यांच्या वतीनेंहि, तें म्हटलें पाहिजे. पदवीचें ऋण फेडण्याचें नाणें तें हेंच.

हें बोलणें हवेंतलें वाटूं नये म्हणून आजचा व्यवहार पाहूं. २००९ च्या निवडणुकांत पैसे घेऊन बातम्या छापल्या गेल्याचा बोभाटा झाला, आणि प्रेस कौन्सिलला त्याची चौकशी करावी लागली. त्या बातम्या कोणीं लिहिल्या असतील? निरक्षरांनीं खास नव्हे. जाहिरातीला बातमीचा वेष चढविण्याचें काम भाषा जाणणाऱ्या, शिकलेल्या हातांनींच झालें. दूरचित्रवाणीवर रोज रात्रीं ज्या मालिका चालतात त्यांचे लेखकहि बहुधा पदवीधरच असतात. सुनेचा छळ हीच करमणूक म्हणून महिनोन्महिने लांबविली जाते, तेव्हां 'प्रेक्षकांना हेंच हवें' असें सांगितलें जातें. प्रेक्षकांच्या नांवावर खपविलेली ही सबब पुष्कळदां आपल्याच भित्रेपणाची असते. अमुक एक प्रसंग मी लिहिणार नाहीं, असें म्हणणारा एक लेखक मालिका बंद पाडूं शकत नाहीं, हें खरें. परंतु असा एकहि नसला म्हणजे तो प्रसंग नेहमींचाच होऊन बसतो. आणि नकार केवळ लिखाणापुरताच नको. दिवे सांभाळणाऱ्या, पडदे ओढणाऱ्या कामगाराचा पगार थकला असतां स्वतःचा चेक मुकाट्यानें खिशांत घालणाऱ्या नटाची पदवी काय कामाची?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, सुशिक्षितांनीं कलेंत असा शहाणपणा मिरवूं लागलें म्हणजे कला रुक्ष होते. हा आक्षेप मला पुष्कळ अंशीं मान्य आहे. नकार म्हणजे नाक मुरडणें नव्हे. पांढरपेशा सुशिक्षितांनीं एके काळीं तमाशाला आणि लावणीलाच नाहीं म्हटलें. म्हणजे जेथें आदर दाखवावयाचा तेथें नकार दाखविला, आणि जेथें नकार द्यावयाचा तेथें टाळ्या वाजविल्या. ज्याला काय नाकारावें हें कळत नाहीं त्याच्या शिक्षणांत विवेकाचा भाग राहून गेला, एवढेंच म्हणतां येईल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लागू चाळिशीनंतर नट झाले तेव्हां त्यांच्यापाशीं शस्त्रवैद्याचा धंदा होता. आज खेड्यांतून, घरांतला पहिलाच पदवीधर म्हणून मुंबईस येणाऱ्या मुलापाशीं काय असतें? १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धांतून तो नांव मिळवितो, आणि मग गोरेगांवच्या एका खोलींत चौघांबरोबर राहून महिन्याच्या करारावर काम करतो. त्याच्या नुसत्या बी. ए. ला दुसरें दार उघडत नाहीं. त्याला 'नाहीं म्हण' असें मीं उपाशीपोटीं सांगावें काय? नाहीं, तसें सांगण्याचा मला अधिकार नाहीं. ऋण हें ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणें असतें. ज्याच्या पाठीशीं घर आहे, दुसरा व्यवसाय आहे, नांव झालेलें आहे, त्याच्यावर तें सर्वांत अधिक. आणि नवख्या मुलाचा नकार टिकावा म्हणून स्वतःचें वजन खर्ची घालणें, हा त्या ऋणाचाच एक हप्ता होय.

आणि येथें पालकांचाहि संबंध येतो. आपला मुलगा किंवा मुलगी या क्षेत्रांत जाऊं लागली म्हणजे आपण विचारतों, 'मिळेल किती?' हा प्रश्न विचारूं नये असें मी म्हणत नाहीं; पोट कोणाला सुटलें आहे? परंतु त्याच्या जोडीला दुसराहि एक प्रश्न विचारावा: 'कितीहि मिळालें तरी तूं काय करणार नाहींस?' या प्रश्नाला ज्या मुलापाशीं कसलेंच उत्तर नाहीं, त्याच्या शिक्षणाची काळजी तो नट झाला काय आणि डॉक्टर झाला काय, सारखीच वाटली पाहिजे. ज्याच्यापाशीं उत्तर आहे, त्याला पहिलीं दोन-चार वर्षें घरच्या ताटाचा आधार मिळेल अशी व्यवस्था ज्या घराला शक्य असेल त्यानें करावी. महाविद्यालयाच्या फीइतकाच तोहि शिक्षणाचा खर्च आहे. आणि तो करणाऱ्या आईबापांनीं मुलाचें शिक्षण फुकट गेलें असें मानण्याचें मुळींच कारण नाहीं.