जळालेला बाजार, रिकामे कोनाडे

सौदी अरेबियाच्या पूर्वेला अल-अहसा हे प्रचंड मरूद्यान आहे. तिथे खजुराची सुमारे २५ लाख झाडे आहेत. त्यातल्या हुफूफ शहरातला अल-कैसरिया हा छप्पर असलेला जुना बाजार २००१ साली आगीत सापडला. तो पुन्हा जुन्या घडणीनुसार बांधण्यात आला. २०१८ मध्ये युनेस्कोने अल-अहसाला जागतिक वारसा ठरवले, तेव्हा हा पुन्हा बांधलेला बाजारही त्यात होता.

त्याच २००१ च्या मार्चमध्ये अफगाणिस्तानात बामियानचे दोन बुद्ध तालिबानने सुरुंग लावून पाडले. एक सुमारे ५५ मीटर उंच, दुसरा ३८. तेव्हापासून प्रश्न विचारला जातो की बाजार उभा राहू शकतो, तर बुद्ध का नाही?

उत्तर अवघड आहे, पण आहे. कैसरियात जळाल्या त्या भिंती आणि छपरे. मसाले, ऊद विकणारे दुकानदार, जरीकाठाचे बिश्त म्हणजे झगे शिवणारे कारागीर आणि ते विकत घेणारी गिऱ्हाइके शहरातच होती. बाजार बाजारासाठीच पुन्हा बांधला गेला. बामियानमधून बौद्ध भिक्खू हजार वर्षांपूर्वीच गेले. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएन त्संगने पाहिलेला तो गजबजलेला विहार आता कोणत्याही सिमेंटने परत येणार नाही. शिवाय त्या मूर्तींचा गाभा कड्यात कोरलेला होता, वस्त्राच्या चुण्या मात्र गवत मिसळलेल्या मातीच्या लेपातून घडवल्या होत्या. स्फोटात त्या लेपाची मुख्यतः धूळ झाली. वारसा-जतनाची १९६४ ची व्हेनिस सनद पुरातत्त्वीय अवशेषांच्या बाबतीत मूळचे सुटे तुकडे पुन्हा जुळवण्याइतकीच मुभा देते. इथे जुळवायचे ते किती?

म्हणून प्रतिकृती वाईट असते, असे मुळीच नाही. महाराष्ट्राला हे अजिंठ्यावरून कळायला हवे. चित्रकार रॉबर्ट गिलने १८४४ पासून वर्षानुवर्षे लेण्यांत बसून चित्रांच्या नकला केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग जॉन ग्रिफिथ्स आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी कामाला लागले. त्यांच्याही कित्येक नकला १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत जळाल्या. जपानी चित्रकार अराई कंपो यांनी नेलेल्या नकला १९२३ च्या तोक्यो भूकंपात नष्ट झाल्या. मूळ चित्रे मात्र वाघुरच्या काठी आहेत, झिजत का होईना. ज्या थोड्या नकला वाचल्या, त्यांतून आता पुसट झालेल्या आकृती ओळखता येतात. नक्कल मूळ वस्तूची साक्ष देते, तिची जागा घेत नाही. सारनाथमध्ये २०११ साली उभा राहिलेला ८० फुटी बुद्धही बामियानवरूनच सुचला. तो तिथे शोभतो, कारण तिथे वंदन करणारे लोक आहेत आणि तो स्वतःला बामियानचा बुद्ध म्हणवत नाही.

एक आक्षेप मात्र सहज झटकता येत नाही. बामियानचे हजारा लोक मुस्लिम; त्यांनी या मूर्तींना सलसाल आणि शाहमामा अशी नावे दिली, त्यांच्या प्रेमाच्या कथा रचल्या. जानेवारी २००१ मध्ये शेजारच्या यकावलंगमध्ये तालिबानने हजारा लोकांची कत्तल केली. त्यानंतर दोन महिन्यांत मूर्ती गेल्या. बुद्ध पुन्हा उभारावा असे हजारा लोकांपैकी अनेकांना वाटते. पर्यटकांमुळे पोट भरेल, हा त्यांचा हिशेब खोटा नाही. त्यांच्या मताला पॅरिस किंवा तोक्योतल्या तज्ज्ञांच्या मतापेक्षा कमी वजन देणे अन्यायाचे होईल. तरीही गुन्ह्याची खूण बुजवून टाकणारे बांधकाम त्या कत्तलीची आठवणही बुजवेल, हे त्यांच्यासमोर स्पष्ट मांडले पाहिजे.

२०१५ मध्ये एका चिनी दांपत्याने रात्री मोठ्या बुद्धाच्या रिकाम्या कोनाड्यात प्रकाशाचा बुद्ध उभा केला. कड्याला एक छिद्रही पडले नाही, आणि गावकऱ्यांनी तो पाहिला. असे प्रयोग जरूर व्हावेत. पैसा मात्र आधी तिथल्या भेगाळलेल्या कड्याला आणि गुहांतल्या भित्तिचित्रांना मिळायला हवा. त्यांतल्या काही चित्रांत सातव्या शतकाच्या सुमाराचे तेलरंग सापडले आहेत, जगातल्या सर्वांत जुन्या ज्ञात नमुन्यांपैकी. ते अजून शिल्लक आहेत.