घराचा कठडा



मोशेच्या नियमशास्त्रात घर बांधणाऱ्यासाठी एक छोटीशी आज्ञा आहे. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात ती सापडते. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा घालावा, नाहीतर कोणी वरून पडून मेला तर त्या रक्ताचा दोष घरावर येईल, असा तिचा आशय आहे. त्या देशात घरांची छपरे सपाट असत. लोक तेथे धान्य वाळवीत, रात्री निजत, आल्यागेल्याशी बोलत बसत. घर किती मोठे असावे, किती सुंदर असावे, याविषयी ही आज्ञा काही सांगत नाही. तुझ्या घरामुळे दुसऱ्याचे काय होईल, एवढेच ती विचारते.

आज ही आज्ञा आठवण्याचे कारण आहे. आपल्या धर्मग्रामातील काही तरुण स्थापत्य शिकले आहेत, काही जमिनीच्या व्यवहारात पडू पाहत आहेत. पर्यावरणपूरक घरांचा व्यवसाय भोर-वेल्ह्याकडे सुरू करावा असा विचार त्यांच्यातले काहीजण बोलून दाखवतात. सातारा रस्त्याने जाताना नसरापूरच्या पुढेमागे प्लॉटच्या जाहिरातींचे फलक आपण सर्वांनीच पाहिले आहेत. डोंगर, धरण, हिरवळ, मातीचे घर, निसर्गाची कूस, सारे काही त्यावर असते. मग प्रश्न पडतो, अशा घराला सदसद्विवेकबुद्धीने चांगले घर केव्हा म्हणावे? भिंत मातीची आणि छपरावर सौर पत्रा, एवढ्याने ते चांगले ठरते का?

प्रथम ही भूमी कोणती आहे ते पाहू. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये घेतला. त्या तालुक्यात पानशेत आणि वरसगाव ही धरणे आहेत. त्यांचे पाणी खडकवासल्यात येते आणि तेथून पुण्यात आपल्या नळाला. भोर तालुक्यात भाटघर आणि नीरा देवघर आहेत. त्यांच्या पाण्यावर पुरंदर, बारामती, इंदापूर, फलटणची शेते भिजतात. या धरणांसाठी तेथल्या लोकांनी जमिनी दिल्या, गावे सोडली. म्हणजे आपण सकाळी जे पाणी पितो त्यामागे कोणाचे तरी बुडालेले घर आहे. अशा ठिकाणी जो डोंगर कापतो, ओढा बुजवतो, मैलापाणी उतारावर सोडतो, तो केवळ स्वतःच्या प्लॉटवर बांधत नसतो. तो सर्वांच्या पाण्यावर बांधत असतो. खालच्या अंगाला राहणारे लाखो लोक त्या घराच्या धाब्यावर उभे आहेत, असे समजावे.

आता भिंतींकडे वळू. मावळातील जुनी घरे पाहिली की लक्षात येते, आपल्या वाडवडिलांना हे शास्त्र ठाऊक होते. काळ्या दगडाचे उंच जोते, मातीच्या भिंती, कारवीच्या काठ्यांचा कूड आणि त्यावर शेणमातीचे लिंपण, वर कौले आणि भिंतीला पाऊस लागू नये म्हणून पुढे आलेली वळचण. घर मोडले तरी माती मातीत जाई आणि लाकूड दुसऱ्या घराला लागे. आज जगातील कार्बन वायूच्या उत्सर्जनापैकी सात ते आठ टक्के एकट्या सिमेंटमुळे होते. तेव्हा जुन्या वळणाकडे पाहणे हा मागासलेपणा नव्हे. लॉरी बेकर हे ब्रिटिश वास्तुकार क्वेकर पंथाचे ख्रिस्ती होते. घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या साहित्याचे असावे हा गांधीजींचा विचार त्यांनी मनावर घेतला आणि 2007 मध्ये निधन होईपर्यंत केरळात स्वस्त, हवेशीर घरे बांधली. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावून मध्ये पोकळी सोडली, तर सुमारे पाव भाग विटा वाचतात आणि घर थंड राहते, हे त्यांनी शेकडो घरांत दाखवून दिले. तिरुवनंतपुरम येथे येशूसंघीयांच्या लॉयोला शाळेचे प्रार्थनामंदिर त्यांनीच बांधले. काटकसरीने बांधलेल्या वास्तूतही देवाची आराधना शोभून दिसते, याची ती साक्ष आहे.

परंतु बेकर गरिबांसाठी आणि राहण्यासाठी घरे बांधत होते, हे विसरता कामा नये. मातीची भिंत बांधावी, पुढे पोहण्याचा तलाव खणावा, बोअर पाडावी, आणि आठवड्यातले सहा दिवस घराला कुलूप असावे, यात माती कितीही शुद्ध असली तरी हेतू शुद्ध राहत नाही. एप्रिल-मे महिन्यांत धरणाच्या वरच्या वाड्यावस्त्यांवर बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. त्यांच्या शेजारी भरलेला तलाव हा अपराध नाही काय? पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हेच शिकवले की धरतीचे दुःख आणि गरिबांचे दुःख ही दोन वेगळी दुःखे नाहीत.

येथे कोणी म्हणेल, मग गावकऱ्याने जमीन विकूच नये काय? असे म्हणणे शहरात पक्क्या घरात राहणाऱ्यांना सोपे आहे. पावसावर येणारे एक भाताचे पीक, पुण्यात टेम्पो चालवणारा मुलगा, आईच्या आजारपणाचे कर्ज, यातून वाट काढणारा शेतकरी जमीन विकतो तेव्हा आपण त्याला दोष देऊ शकत नाही. नाबोथाने आपला द्राक्षमळा विकला नाही. पण पवित्र शास्त्र दोष देते ते विकणाऱ्याला नव्हे, तर लोभी अहाबाला आणि खोटे साक्षीदार उभे करणाऱ्या ईजबेलीला. म्हणून प्रश्न घेणाऱ्याला विचारायचा असतो. सातबाऱ्यावर बहिणींची नावे आहेत, त्यांना व्यवहार समजला आहे का? ओढ्याकडे जाणारी गुरांची वाट कुंपण घातल्यावर उघडी राहील का? कडेला कातकऱ्यांची चार घरे असतील तर? त्यांच्या पायाखालची जमीन पुष्कळदा दुसऱ्याच्या नावावर असते. मालक बदलला की ती माणसे कोठे जातील?

अशा प्रश्नांना बगल दिली की काय होते, याची उदाहरणे आपल्याच जिल्ह्यात आहेत. मुळशी आणि वेल्हे तालुक्यांतील 18 गावे 2001 मध्ये शासनाने गिरिस्थानासाठी अधिसूचित केली आणि वरसगावच्या जलाशयाकाठी लवासा उभी राहिली. पर्यावरणाच्या परवानगीवरून 2010 मध्ये केंद्र सरकारने काम थांबवले, पुढच्या वर्षी अटींवर मान्यता मिळाली, आणि 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. घरासाठी पैसे भरलेली कुटुंबे अडकली आणि कापलेला डोंगर काही पुन्हा भरून आला नाही. आंबेगाव तालुक्यातील माळीण 30 जुलै 2014 रोजी डोंगराखाली गाडले गेले, दीडशेहून अधिक माणसे दगावली. तेथील कारणांची चर्चा पुष्कळ झाली. पण उतार कापला आणि पाण्याची वाट अडवली की अतिवृष्टीत डोंगर टिकत नाही, हे कोणीही जाणकार सांगेल. यंत्र एका दिवसात जे कापते, ते सांधायला डोंगराला शेकडो वर्षे लागतात.

यिर्मया संदेष्ट्याने एका राजाला फार कठोर शब्दांत सुनावले होते. तो राजा ऐसपैस माड्या बांधीत होता आणि मजुरांना वेतन देत नव्हता. आपल्याकडे बांधकाम मजुराने वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला मिळाला, तर त्याला राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवता येते आणि त्याच्या मुलांना शिक्षणासाठी मदत मिळू शकते. हा दाखला द्यायला मालकाला पैसे पडत नाहीत. तरीही तो मागायला मजुराला खेटे घालावे लागतात. घर हरित आहे की नाही हे आम्हाला कोणी विचारले, तर आम्ही आधी हा दाखला मागू.

ग्राहकाशी खरे बोलणे हाही कठडाच आहे. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे असतील, तर जाहिरात करण्याआधी महारेराची नोंदणी लागते. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. खोटा शेतकरी दाखला करून देणे ही ‘ॲडजस्टमेंट’ नव्हे, ती खोटी साक्ष आहे, आणि ती आठव्या आज्ञेत बसते.

आमचे तरुण विचारतील, इतके सगळे पाळले तर धंदा कसा होणार? हा प्रश्न खरा आहे. नफा कमी होईल, हे आम्ही लपवत नाही. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू येशूने संत लूकच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. त्या हिशेबात हा खर्चही धरावा. आणि सुरुवात नव्या डोंगरापासूनच का करावी? भोर शहरात आणि आसपासच्या गावांत जुनी घरे पडायला आली आहेत. जे घर उभे आहे ते वाचवणे, हेच सर्वांत पर्यावरणपूरक बांधकाम होय. कौले बदलावीत, जोते दुरुस्त करावे, गावातल्या गवंड्याला आणि सुताराला हाताशी धरावे, छपराचे पाणी टाकीत साठवण्याची सोय करावी. गावात नोकरीसाठी आलेल्या शिक्षिकेला, परिचारिकेला भाड्याने राहता येईल अशी दोन खोल्यांची घरे उभारावीत. यात मोठा फलक लावता येणार नाही, पण कारागीर जोडले जातील आणि नावावर विश्वास बसेल.

आपल्यापैकी जे घेणारे आहेत, त्यांनीही स्वतःला विचारावे, हे दुसरे घर आम्हाला राहण्यासाठी हवे आहे की केवळ भाव वाढण्यासाठी?

प्रभू येशू एका कारागिराच्या घरी वाढला. शुभवर्तमानात त्याच्या व्यवसायासाठी जो ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ सुतार असा आणि घरे बांधणारा असाही होतो. बांधकाम हा हलका किंवा मलिन धंदा नाही, त्याच्या हातांनी तो पवित्र केला आहे. तेव्हा इसारपावतीवर सही करण्यापूर्वी आपल्या तरुणांनी एक क्षण थांबावे आणि आपल्या घराच्या धाब्यावर कोण कोण उभे आहे ते पाहावे. कठडा घालण्याचे धैर्य आणि कमी नफ्यात समाधान मानण्याची कृपा प्रभू त्यांना देवो.