किंमत एकदाच, खर्च रोजचा



साताऱ्याहून कराड, पेठ नाका करीत कोल्हापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर तासभर उभे राहिले, तर आपल्या भागात आलेला पैसा डोळ्यांना दिसतो. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी ही नावे आता केवळ मुंबई-पुण्याची राहिलेली नाहीत. ऊस, द्राक्षे, हळद, बांधकाम, दवाखाने आणि रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला, अशा अनेक वाटांनी पैसा आला आणि त्यातला काही गाडीच्या रूपाने अंगणात उभा राहिला. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत सुमारे १५० मर्सिडीज गाड्या एकत्रित खरेदीत घेतल्या गेल्या, ही बातमी अनेकांना आठवत असेल. ती खरेदी सुमारे ६५ कोटींची होती आणि त्यातला मोठा भाग बँकेच्या कर्जाचा होता.

अशा वेळी धर्मगुरूंना एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘फादर, महागडी गाडी घेणे पाप आहे का?’ आम्हांला वाटते, हा प्रश्न नीट मांडलेला नाही. गाडी म्हणजे लोखंड, काच आणि रबर. पाप वस्तूत नसते. विचारायचे ते हे : या गाडीचा खर्च शेवटपर्यंत कोण भरणार आहे, आणि त्याला आपण विचारले आहे का?

किंमत आणि खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किंमत एकदाच द्यायची असते. खर्च गाडी दारात असेपर्यंत चालू राहतो. दारात हत्ती झुलतो हे ऐश्वर्याचे लक्षण आपले पूर्वज मानीत. पण हत्ती रोज खातो, हेही त्यांना ठाऊक होते.

थोडा हिशेब करून पाहू. समजा, सर्व कर भरून रस्त्यावर आलेली गाडी ६० लाखांना पडली. १० लाख आपले आणि ५० लाख कर्ज, ९ टक्के व्याजाने, ७ वर्षांसाठी. दरमहा हप्ता सुमारे ८०,४०० रुपये. सात वर्षांत बँकेला साडेसदुसष्ट लाख जातात, म्हणजे साडेसतरा लाख केवळ व्याज. महिन्याला हजार किलोमीटर फिरलो आणि लिटरला दहा किलोमीटर मिळाले, तर आजच्या भावाने दहा हजारांहून अधिक रुपयांचे पेट्रोल. त्यावर विमा, टायर, सर्व्हिसिंग आणि चालक ठेवला तर त्याचा पगार.

आता दुसरी बाजू. मोठ्या गाड्यांवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. महाराष्ट्रात वीस लाखांवरील खासगी गाडीला पेट्रोल असेल तर १३ टक्के आणि डिझेल असेल तर १५ टक्के वाहन कर एकरकमी भरावा लागतो. ही रक्कम गाडी विकताना कोणी वेगळी मोजून परत देत नाही. विमा कंपन्यांच्या प्रचलित कोष्टकाप्रमाणे पहिल्या सहा महिन्यांनंतरच गाडीची घट १५ टक्के धरली जाते आणि पाचव्या वर्षी ५० टक्के. म्हणजे पाच वर्षांनी विम्याच्या कागदावर गाडी निम्म्यावर आलेली असते आणि आपल्या उदाहरणातले साडेसतरा लाखांहून अधिक कर्ज मात्र अजून फिटायचे असते.

इथेच अनेक तरुण एक पळवाट काढतात. नवी परवडत नाही, तर पुण्या-मुंबईहून आठ-दहा वर्षे जुनी जर्मन गाडी आणतात, साध्या नव्या गाडीच्या भावात. मित्र कौतुक करतात. पण बाजारात किंमत उतरली, म्हणून गाडीचा स्वभाव उतरत नाही. तिचा गिअरबॉक्स, तिचे एअर सस्पेन्शन, तिचे इलेक्ट्रॉनिक भाग आजही मोठ्या गाडीचेच आहेत आणि ते मोठ्या गाडीच्याच भावाने मिळतात. जुनी झाल्यामुळे ते बिघडतातही अधिक. गावातला ओळखीचा मेकॅनिक बॉनेट उघडतो आणि हात जोडतो. मग गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून पुण्याला न्यावी लागते. घेताना दहा लाखांची असलेली वस्तू सांभाळताना साठ लाखांची होते.

सांगलीकरांना आणखी एक खर्च सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी गाठली, तेव्हा पाण्याने गाडीची कंपनी पाहिली नाही. पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू करायला गेलो आणि इंजिन गेले, तर साधा विमा बहुधा ते नुकसान देत नाही. त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. पुन्हा खर्चच.

हे सारे कोण भरते? सही घरच्या कर्त्या पुरुषाची असते, पण भरणारे अनेकदा दुसरेच असतात. पत्नीच्या बांगड्या बँकेत जातात. धाकट्या मुलीला नर्सिंगला घालायचे पुढच्या वर्षावर जाते. म्हातारी आई मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे नाव काढीत नाही, कारण ‘सध्या हप्ते चालू आहेत’. कामगाराला पगार दहा तारखेऐवजी वीसला मिळतो. चालक रात्री अकरापर्यंत गाडीपाशी ताटकळतो. गाडीच्या कागदपत्रांवर यांपैकी कोणाचेही नाव नसते. आमच्या मते महागड्या गाडीचा नैतिक प्रश्न तो हाच.

संत थॉमस अक्वायनस यांनी मालकीविषयी एक मोलाचा भेद सांगितला आहे. वस्तू सांभाळण्यासाठी आणि तिची व्यवस्था लावण्यासाठी माणसाने ती स्वतःची म्हणून बाळगणे योग्य आहे. कारण जे सर्वांचे असते, त्याची काळजी कोणीच घेत नाही. परंतु वापराच्या बाबतीत ती वस्तू जणू सर्वांची आहे असे मानावे, गरजवंतासाठी हात सैल ठेवावा. म्हणजे मालक हा एका अर्थी राखणदार आहे. या कसोटीवर गाडी लावून पाहा. मध्यरात्री शेजारणीला कळा सुरू झाल्या, तर तुमच्या गाडीची किल्ली सहज हातात येते, की सीट खराब होतील म्हणून मन कचरते? जी वस्तू उधार देताना जीव घाबरतो, तिचे आपण मालक उरलो का, की तीच आपली मालकीण झाली?

कोणी म्हणेल, ‘फादर, पैसा कष्टाचा आहे, कर भरलेला आहे. रस्ते धोक्याचे आहेत आणि मोठी गाडी सुरक्षित असते. आमच्या धंद्यात साध्या गाडीतून गेलो, तर समोरचा काम देत नाही.’ यात तथ्य आहे आणि ते आम्ही नाकारीत नाही. सुरक्षितता ही चैन नव्हे. पण गाडी हे धंद्याचे अवजार असेल, तर तिचा हिशेब अवजारासारखाच मांडावा. ट्रॅक्टर किती कमावतो हे शेतकरी वहीत लिहितो. तसे गाडीने मिळवून दिलेले काम आणि तिने खाल्लेले पैसे एकदा वहीत समोरासमोर लिहावेत. वही उघडायची भीती वाटली, तर उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे असे समजावे.

ज्यांच्याकडे गाडी नाही, त्यांनाही एक शब्द. दुसऱ्याच्या अंगणातली गाडी मोजीत बसणे हाही एक हप्ताच आहे आणि तो कधी फिटत नाही. शिवाय चैन ही सापेक्ष असते. पंचवीस हजार पगारावर बारा हजारांचा हप्ता घेणाऱ्याची लहान गाडी त्याच्यापुरती मर्सिडीजच होय.

डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक काँग्रेससाठी मुंबईला आले होते. त्यांच्या वापरासाठी दिलेली लिंकन मोटार त्यांनी जाताना मदर तेरेसांना भेट दिली. मदरने ती स्वतःसाठी ठेवली नाही. तिच्यासाठी सोडत काढली आणि आलेला पैसा कुष्ठरोग्यांच्या शांतीनगर वसाहतीसाठी वापरला. मोटारीला नावे ठेवून त्यांनी ती नाकारली नाही. एका वस्तूत किती लोकांचे घर दडलेले आहे, हे त्यांनी पाहिले. आपल्यापैकी प्रत्येकाने गाडी विकावी असे आम्ही म्हणत नाही. ही नजर मात्र आपल्याला हवी.

संत लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशू बुरूज बांधू इच्छिणाऱ्या माणसाविषयी बोलतो. तो आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, नाहीतर पाया घालून काम अर्धवट राहायचे आणि लोक हसायचे. प्रभूचा दाखला शिष्य होण्याविषयी आहे. पण ‘आधी बसून’ हे शहाणपण शोरूमच्या दारातही उपयोगी पडते. तेव्हा गाडी घेण्याआधी एका संध्याकाळी सारे कुटुंब बसा, म्हातारी माणसे आणि मुलेसुद्धा. कागदावर किंमत लिहा. तिच्याखाली सात वर्षांचा खर्च लिहा. आणि त्या खर्चासाठी कोणाला काय सोडावे लागेल, ते त्याच्या नावासकट लिहा. मग प्रत्येकाला बोलू द्या. सर्वांनी मनापासून होकार दिला, तर गाडी जरूर आणा. आशीर्वाद द्यायला आम्ही आनंदाने येऊ. पण त्या यादीतले एखादे माणूस गप्प बसले, तर त्याचे मौन होकार समजू नका.

प्रभू आपणां सर्वांचे भले करो.

आपला धर्मगुरू