घराची किंमत आणि गावाचे ऋण

फ्रान्समधील एखाद्या खेड्यात जुने दगडी घर घ्यावे, समोर द्राक्षमळा असावा, सकाळी बेकरीतून ताजा पाव आणावा आणि उरलेले आयुष्य निवांतपणे घालवावे, या स्वप्नाने गेल्या काही दशकांत हजारो शहरवासीयांना वेड लावले आहे. पीटर मेल या इंग्रज लेखकाने प्रोव्हान्स प्रांतातील आपल्या वास्तव्यावर लिहिलेले पुस्तक १९८९ साली प्रसिद्ध झाले आणि या ओढीला उधाण आले. पुढे वाचकच त्याच्या दाराशी येऊन उभे राहू लागले; तो काही वर्षे अमेरिकेत राहून आला. शांततेची कीर्ती पसरली की ती उरत नाही, हे त्यानेही अनुभवले.

शांतता विकत घेता येते काय, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी ही घरे रिकामी कशी झाली, ते आधी पाहिले पाहिजे. मध्य फ्रान्समधील क्रझ या जिल्ह्यातील गवंडी पिढ्यान् पिढ्या पॅरिसला बांधकामावर जात आणि हिवाळ्यात घरी परतत. पुढे परतणे थांबले; कुटुंबेही शहरात गेली. १८५१ साली या जिल्ह्यात पावणेतीन लाखांवर माणसे होती. आज सव्वा लाखही नाहीत. मुले नाहीत म्हणून शाळा बंद, गिऱ्हाईक नाही म्हणून दुकान बंद. एका धर्मगुरूकडे अनेक गावे असल्याने कित्येक चर्चमध्ये मिस्सा क्वचितच होते. शहरातला माणूस ज्या शांततेवर लुब्ध होतो, ती निघून गेलेल्यांनी मागे ठेवलेली पोकळी होय.

मग बाहेरून येणारा दोषी ठरतो काय? आम्हांस तसे वाटत नाही. वारसांनी सोडून दिलेली, छप्पर कोसळत चाललेली किती तरी घरे याच परक्यांनी सावरली. परंतु नोटरीपुढे सही केली, पैसे मोजले, आता आमचे कोणाचेही देणे नाही, असे त्यांनी म्हणणे बरोबर नाही. किंमत मिळते ती विकणाऱ्या एकट्याला. ज्या सौंदर्यासाठी ती मोजली, ते दगडी बांध, पाऊलवाटा, गावचा चौक, चर्चचा मनोरा साऱ्या गावाच्या श्रमाने उभे राहिलेले असतात. ते खरेदीखतात लिहिलेले नसतात. पण उपभोग तर आपण घेतो. तेथेच ऋण निर्माण होते.

हा भेद फ्रान्सच्या कायद्यालाही ठाऊक आहे. २०२३ पासून मुख्य निवासाच्या घरावर राहण्याचा कर उरलेला नाही. सुट्टीपुरत्या दुसऱ्या घरावर मात्र तो आजही आहे. त्या देशात दहांपैकी सुमारे एक घर असे दुसरे घर आहे. पण कर भरल्याने बंद खिडकी उघडत नाही. ऑगस्टमध्ये गजबजलेले आणि जानेवारीत अंधारलेले गाव पुन्हा एकदा ओस पडते, तेही वाढलेल्या किमतींमुळे तेथल्या तरुणाला घर घेणे अवघड करून.

हे ऋण फेडणारेही आहेत. शेकडो इंग्रज रहिवासी फ्रान्सच्या ग्रामपालिकांवर निवडून आले होते. रस्ते, पाणी, शाळा यांचे प्रश्न त्यांनी आपले मानले. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर मार्च २०२० च्या निवडणुकीत त्यांना उभे राहता आले नाही. अधिकार गेला, तरी गावाशी जडलेले नाते कायद्याने दिलेले नव्हते. म्हणून कायद्याने ते नेलेही नाही.

आपल्यापैकी फारच थोडे फ्रान्समध्ये घर घेतील. पण कोठेही घर घेताना आपण भिंतींचा, प्रकाशाचा, पाण्याचा विचार करतो. शेजारी कोण, हेही विचारतो. त्यांच्यासाठी आपण कोण ठरणार आहोत, हेही स्वतःला विचारावे. जो हिवाळ्यातही दिवा लावतो, गावच्याच दुकानातून पाव घेतो आणि शेजारच्या म्हातारीचे दार सकाळी उघडले की नाही हे पाहतो, त्यालाच ते घर खऱ्या अर्थाने लाभले.