सुकाणूचा दांडा आणि जीर्णोद्धाराची नीती

जीर्णोद्धार हा शब्द दिसतो तितका सरळ नाही. वस्तू जीर्ण झाली आहे याची कबुली त्यात आहे, आणि त्या जीर्णत्वातून तिला वर काढण्याचा संकल्पही आहे. परंतु वर काढावयाचे म्हणजे नेमके कोठवर आणावयाचे? ती जन्मली त्या दिवसापर्यंत, की ती आज वापरात यावी एवढ्यापुरते? याचे उत्तर शब्द देत नाही. मंदिर, पोथी, चित्र, वाडा यांच्या संदर्भात या प्रश्नाची चर्चा पुष्कळ झाली आहे. यंत्राच्या संदर्भात ती क्वचित होते, कारण यंत्र हे केवळ साधन होय आणि साधनाला स्वतःचे असे सत्य नसते, अशी एक समजूत रूढ आहे. तथापि जुन्या वाहनाचा उद्धार करणाऱ्याच्या हाती एखादा सुटा केलेला भाग येतो आणि तोच पुन्हा बसवावा की त्याच्या जागी वेगळा बसवावा असा पेच पडतो, तेव्हा तत्त्वज्ञानातला एक पुरातन प्रश्न गॅरेजच्या फरशीवर येऊन उभा राहिलेला असतो.

दुसऱ्या महायुद्धातील जीप हे या पेचाचे बोलके उदाहरण. १९४१ ते १९४५ या काळात विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन अमेरिकी कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. युद्ध संपल्यावर त्यांतील काही भारतातच राहिल्या. पुढे मुंबईच्या महिंद्र कंपनीने विलीजच्या परवान्याने ही गाडी येथे तयार केली आणि सरकारी दौरे, धरणांची कामे, शेतमळे व निवडणुकांचे प्रचार यांच्या निमित्ताने ती देशाच्या कानाकोपऱ्यांत पोचली. आज जिच्या उद्धारासाठी हौशी माणसे वर्षानुवर्षे खपतात, ती ही जुनी जीप.

तिच्या सुकाणूची रचना समजून घेतल्याशिवाय पेच कळणार नाही. चालकाच्या हातातील चक्रापासून निघालेला पोलादी दांडा सरळ खाली उतरतो आणि चासीवर पुढच्या भागात बसविलेल्या स्टिअरिंग बॉक्समध्ये शिरतो. दांडा आणि बॉक्समधील पेचदार कॅम ही वेगवेगळी अंगे नाहीत, ती एकसंध आहेत. कॅमच्या खाचेत अडकलेल्या खुंट्या एक तरफ हलवितात आणि ती हालचाल पुढे चाकांपर्यंत पोचते. रचना साधी आहे, कणखर आहे, खेड्यातल्या मिस्त्रीलाही उलगडणारी आहे. परंतु समोरून धडक बसली की बॉक्स मागे रेटला जातो, आणि मधे कोठेही न दबणारा, न मोडणारा तो दांडा चालकाच्या छातीच्या रोखाने येतो.

हा दोष एकट्या जीपचा नव्हता. त्या काळातील बहुतेक वाहनांचा होता. राल्फ नेडर यांच्या १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ या ग्रंथाने ‘दुसरी धडक’ ही कल्पना सामान्य वाचकापर्यंत नेली. वाहन कशावर तरी आदळते ती पहिली धडक. आतला माणूस वाहनाच्याच अंतर्भागावर आदळतो ती दुसरी. जनरल मोटर्सने १९६७ च्या गाड्यांत आघात शोषून घेत आखूड होणारा दांडा आणला. १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत प्रवासी मोटारींसाठी त्याविषयीची मानके लागू झाली; जीपसारखी बहुउपयोगी वाहने आणि हलके ट्रक त्या कक्षेत यावयास मात्र १९८१ उजाडले. म्हणजे जुन्या जीपच्या मालकासमोर आज जो दांडा असतो, तो एका संपलेल्या कालखंडाचा अस्सल अवशेष असतो आणि त्याच वेळी ज्ञात झालेला धोकाही असतो.

त्याच्या जागी नंतरच्या काळातील, आघातात दबणारा दांडा बसविता येतो. त्याला खाली युनिव्हर्सल जॉइंट आणि मधला लहान दांडा जोडून वेगळ्या स्टिअरिंग बॉक्सशी संबंध जुळविता येतो. कारागिरीच्या दृष्टीने हे अशक्य नाही, पण क्षुल्लकही नाही. मूळ दांडा कॅमशी एकसंध असल्याने जुना बॉक्स ठेवून नुसता दांडा बदलावयाचा तर तो कापावा लागतो. आणि एकदा कापलेला दांडा पुन्हा अखंड होत नाही. शिवाय दबणारा दांडा चुकीच्या पद्धतीने आवळून बसविला तर तो दबतच नाही. सुरक्षिततेचे नाव तेवढे उरते. येथे मिस्त्रीचे कौशल्य हाच नीतीचा पहिला पाठ ठरतो.

या बदलावरचा पहिला आक्षेप तादात्म्याचा आहे. दांडा बदलल्यावर जीप तीच राहते काय? ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन राजा मिलिंदाला त्याच्याच रथाविषयी विचारतो: दांडी म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, चाके, जू, लगाम म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि अखेर रथ हे त्या सर्वांच्या आश्रयाने पडलेले व्यवहारनाम आहे असे मान्य करतो. थीसियसच्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या अथेन्सचे लोक बदलत गेले आणि तत्त्वज्ञांना वादाचा विषय मिळाला, हे प्लुटार्कने नोंदविले आहे. सतराव्या शतकात टॉमस हॉब्जने त्यात भर घातली: काढलेल्या सर्व जुन्या फळ्या कोणी जपून ठेवून पुन्हा जोडल्या, तर खरे जहाज कोणते?

जीपच्या बाबतीत या वादाला एक निराळे वळण मिळते. ती एकमेव कलाकृती म्हणून घडविलीच नव्हती. विलीजचा भाग फोर्डच्या गाडीत चालावा ही तिच्या निर्मितीची अटच होती. रणभूमीवर एका मोडक्या जीपचे चाक दुसरीला लागे, तेव्हा कोणी तिच्या अस्सलपणाविषयी शंका घेत नसे. बदल हा जीपच्या स्वभावाचाच भाग आहे असे म्हणावयास येथे आधार मिळतो. परंतु हा युक्तिवाद जितका आकर्षक आहे तितका पुरेसा नाही. त्याच जातीचा भाग त्याच जातीच्या भागाच्या जागी येणे ही दुरुस्ती होय. भिन्न काळाच्या, भिन्न विचारातून जन्मलेला भाग तेथे येणे हे अर्थांतर होय. पहिल्यात वाक्यातील शब्द पुन्हा लिहिला जातो. दुसऱ्यात तो बदलला जातो.

साहित्याच्या अभ्यासकाला हा भेद परिचित आहे, कारण पाठचिकित्सेचा सारा व्यवहार त्यावरच उभा आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा काळाच्या ओघात शिरलेले पाठ काढणे हे त्यांचे कार्य होते. ज्ञानेश्वरांना सुधारणे हे नव्हते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या प्रदीर्घ काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती पूर्ण केली. वि. स. सुकथनकरांनी तिला घालून दिलेल्या पद्धतीत दोन गोष्टी विशेष आहेत. जे संहितेतून वगळले ते नष्ट केले नाही. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले. आणि जो पाठ पुरेसा निश्चित नव्हता, त्याच्याखाली नागमोडी रेघ ओढली. ही रेघ म्हणजे विद्वत्तेची सचोटी होय. संपादकाचा हात कोठे पडला हे ती वाचकापासून लपवीत नाही.

वास्तूंच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेतही हेच तत्त्व आढळते. गमावलेल्या भागाच्या जागी आलेला नवा भाग एकूण रचनेशी सुसंगत असावा, पण मूळ भागाहून वेगळा ओळखता यावा, असे ती सांगते. याउलट जपानमधील इसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनी संपूर्ण नव्याने बांधले जाते. अलीकडची पुनर्रचना २०१३ मध्ये झाली. तेथे द्रव्य टिकत नाही, विधी आणि कारागिरी टिकते. १९९४ च्या नारा दस्तऐवजाने अस्सलतेचा निकष संस्कृतिसापेक्ष असू शकतो हे मान्य केले. तेव्हा ‘मूळ तेच खरे’ हे विधान स्वयंसिद्ध नाही. पण ‘मूळ कोणते हे सांगितले पाहिजे’ हे विधान या सर्व परंपरांत टिकून राहते.

कायद्याची दृष्टी या संदर्भात उद्बोधक आहे. भारतात २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांविषयी तरतूद झाली. पन्नास वर्षांहून जुने, मूळ रूपात असलेले आणि चासी, बॉडी वा इंजिन यांत फेरफार न झालेले वाहन त्या संज्ञेस पात्र ठरते. या व्याख्येत सुकाणूचे नाव नाही. फेरफाराची मुभा एवढ्यावरून मिळत नाही, कारण वाहनांतील बदलांवर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याची स्वतंत्र बंधने आहेत. तरीही ती यादी विचार करावयास लावते. शरीर, कणा आणि बळ यांत वाहनाचे सत्त्व शोधले गेले. दिशा देणारे अंग त्यात आले नाही. कठोपनिषदातील रथरूपकाची दृष्टी याहून वेगळी आहे. तेथे शरीर हा रथ, बुद्धी हा सारथी आणि मन हे लगाम. सारथ्याची इच्छा रथापर्यंत पोचते ती लगामातून. त्या दृष्टीने पाहिल्यास सुकाणूचा दांडा हे वाहन आणि माणूस यांच्या संबंधाचेच अंग आहे, आणि म्हणूनच त्याच्याविषयीचा निर्णय केवळ वस्तूविषयीचा राहत नाही.

येथे प्रश्न तादात्म्याकडून नीतीकडे सरकतो. अस्सलतेचा पुरस्कर्ता म्हणेल: दांडा छातीत शिरला तर तो माझ्या छातीत शिरेल, धोका माझा, निवड माझी. जॉन स्टुअर्ट मिलच्या स्वातंत्र्यविचारात अशा निवडीला भरभक्कम आधार सापडतो. झिजलेल्या स्टिअरिंग बॉक्समुळे गाडी भरकटली तर रस्त्यावरचा परका माणूस मरेल, म्हणून बॉक्समधील झीज दुरुस्त करणे हे निर्विवाद कर्तव्य आहे. अखंड दांडा मात्र प्रथम मारतो तो चालकालाच. एवढ्यापुरता हा युक्तिवाद बिनतोड वाटतो.

पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे: चालक आणि मालक एकच आहेत. भारतीय जीवनात हे गृहीतक कितपत खरे आहे? येथे गाडी पुष्कळदा पगारी चालक चालवितो आणि मालक शेजारी वा मागे बसतो. मालकाचा मुलगा ती चालवितो, पाहुणा हौसेने चालवून पाहतो, दहा वर्षांनी ती विकत घेणारा अनोळखी माणूस चालवितो. इतिहासावरील निष्ठा एकाची आणि छाती दुसऱ्याची, अशी ही वाटणी आहे. धन्याने सारथ्याच्या जिवावर आपली रसिकता जोपासावी काय, असे स्पष्ट शब्दांत विचारले की अस्सलतेच्या कैवारातील बरेचसे तेज ओसरते. स्वतःपुरते साहस हे स्वातंत्र्य असेल. दुसऱ्याला न सांगता त्याच्यावर लादलेले साहस हे स्वातंत्र्य नव्हे.

याचा अर्थ प्रत्येक जुन्या जीपचा दांडा बदलावा असा होत नाही. सुरक्षिततेचा युक्तिवाद एकदा मान्य केला की तो दांड्यापाशी थांबत नाही. मूळ गाडीत आसनपट्टे नाहीत, डोक्यावर आधार देणारी चौकट नाही, ब्रेक आजच्या वेगांसाठी नाहीत. आसनपट्टा नसेल तर दबणाऱ्या दांड्याचा लाभही अपुराच. ही मालिका शेवटापर्यंत नेली तर जीपच्या आकाराची एक नवी गाडी हाती येईल आणि जिच्यासाठी खटाटोप केला ती निसटलेली असेल. त्यातील हानी खरी आहे. १९४३ चा सैनिक कोणत्या धोक्याशी हातमिळवणी करून गाडी हाकीत होता, हे त्या अखंड दांड्याने जितके सांगितले असते तितके कोणतेही पुस्तक सांगणार नाही. धोका हाही इतिहासाचा आशय असतो.

म्हणून विवेकाचा मार्ग वस्तूच्या जागेवरून ठरतो. जी जीप संग्रहालयात उभी राहावयाची आहे किंवा बंद मैदानात क्वचित फिरावयाची आहे, तिचा दांडा अखंड राहावा. तेथे ती साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराची जबानी बदलू नये. जी रस्त्यावर, इतरांच्या हाती जाणार आहे, ती माणसांच्या परस्पर जबाबदारीच्या जगात परतलेली असते. तेथे कायद्याच्या मर्यादेत राहून, जाणत्या हातांनी केलेला बदल हा वस्तूचा अपमान नव्हे. मात्र त्यावर सुकथनकरांच्या शिस्तीची दोन बंधने हवीत. मूळ दांडा कापू नये. बॉक्ससह तो अखंड उतरवून जपावा, आणि नवी जोडणी शक्यतो वेल्डिंगऐवजी नटबोल्टांनी करावी, म्हणजे पुढच्या पिढीला मागे जाण्याची वाट राहील. आणि बदलाची नोंद गाडीसोबत ठेवावी. विकताना ती सांगावी. बदललेल्या गाडीला ‘पूर्णतः मूळ’ म्हणून खपविणे हा क्षेपक ओवीखाली संतकवीचे नाव घालण्यासारखाच अपराध आहे.

आणि या दोन्ही वाटा ज्याला मान्य नाहीत, त्याच्यासाठी तिसरी वाट उरते: न चालविण्याची. जुन्या वस्तूवर प्रेम करणाऱ्याला ती सर्वांत जड जाते, कारण यंत्राचे सौंदर्य त्याच्या गतीत असते. परंतु आपल्या प्रेमाची किंमत कोण चुकवीत आहे, हे पाहावयास जो तयार नाही, त्याने जपलेला भूतकाळ कितीही अस्सल असला तरी त्या जपण्याला जीर्णोद्धार म्हणता येणार नाही.